मल्हारराव गायकवाडांची चौकशी (१८७५) : साक्षीपुरावा, संशय आणि न्याय

१. प्रश्नाचे स्वरूप

इ. स. १८७५ च्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत बडोद्याच्या छावणीत मल्हारराव गायकवाड यांच्यावरील आरोपांची जी चौकशी झाली, तिची हकीकत मराठी वाचकांस सामान्यतः दोन रूपांत परिचित आहे. पहिले रूप रंजक आहे : पपनसाचे सरबत, सोमल, हिऱ्याची पूड, फितूर झालेले चाकर आणि विलायतेहून आलेला नामांकित बॅरिस्टर. दुसरे रूप राजकीय आहे. एका मराठी संस्थानिकास सार्वभौम सत्तेने गादीवरून कसे दूर केले, आणि त्या निमित्ताने मुंबई सरकार व हिंदुस्थान सरकार यांच्यात अधिकाराची ओढाताण कशी झाली, याचा त्यात विचार केला जातो. ही दोन्ही रूपे आपापल्या परीने यथार्थ आहेत. परंतु या प्रकरणास तिसरेही एक अंग आहे आणि त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ते अंग म्हणजे पुराव्याच्या कायद्याचे.

बडोद्याच्या चौकशीपूर्वी अवघी अडीच वर्षे आधी, १ सप्टेंबर १८७२ पासून, ब्रिटिश हिंदुस्थानात नवा पुराव्याचा कायदा अमलात आला होता. आरोपीने पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीजबाबावर किती विश्वास ठेवावा, अपराधातील साथीदाराच्या साक्षीचे मोल काय, आरोपीच्या दुर्लौकिकास पुरावा मानावे की नाही, या प्रश्नांची उत्तरे त्या कायद्याने दिली होती. मल्हाररावांच्या प्रकरणात नेमके हेच तिन्ही प्रश्न उपस्थित झाले. म्हणून 'मल्हाररावांनी विषप्रयोग करविला काय?' हा प्रश्न प्रस्तुत लेखात गौण मानला आहे. उपलब्ध कागदपत्रांवरून त्याचे निश्चित उत्तर देणे आज शक्य नाही. समोर आलेल्या पुराव्यावरून दोष ठरविता येत होता काय, आणि दोष ठरला नसताही शिक्षा कशी झाली, हे पाहणे हा लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

खंडेराव गायकवाड १८७० च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांचे बंधू मल्हारराव त्या वेळी पाद्रा येथे कैदेत होते. खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या संशयावरून त्यांना तेथे ठेवण्यात आले होते. खंडेरावांची विधवा पत्नी जमनाबाई गरोदर असल्याने वारसाचा निर्णय काही काळ लांबला. १८७१ मध्ये त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचे पद निश्चित झाले.

मल्हाररावांची राजवट चांगली होती असे कोणीही म्हणणार नाही. खंडेरावांच्या काळातील अधिकारी व सरदार यांचा त्यांनी छळ केला. पूर्वीचे कारभारी भाऊ शिंदे यांचा कैदेत अंत झाला व तो विषाने झाला असा बोभाटा होता. रयतेकडून होणारी वसुली जुलमी होती. १८७३ मध्ये कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मंडळाने या कारभाराची चौकशी करून प्रतिकूल अहवाल दिला. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी २५ जुलै १८७४ च्या पत्राने मल्हाररावांस सुधारणेसाठी ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत दिली. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील विवेचनात तिला महत्त्व आहे.

या सुधारणेच्या कामी मल्हाररावांनी दादाभाई नवरोजी यांना दिवाण म्हणून आणले. परंतु १८७३ मध्ये बडोद्यास आलेले रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांचा दादाभाईंच्या नेमणुकीस विरोध होता आणि दरबाराशीही त्यांचे पटत नव्हते. शेवटी २ नोव्हेंबर १८७४ रोजी मल्हाररावांनी व्हाइसरॉयांस खलिता पाठवून फेअर यांना बडोद्याहून हलवावे अशी विनंती केली.

३. विषप्रयोगाचा आरोप व तपास

यानंतर सातव्या दिवशी, सोमवार ९ नोव्हेंबर रोजी सकाळी, फेरफटका करून परतल्यावर फेअर यांनी नित्याप्रमाणे ठेवलेल्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. चव विपरीत वाटल्याने उरलेले सरबत त्यांनी फेकून दिले व पेल्याच्या तळाशी त्यांना गाळ दिसला. रेसिडेन्सीचे डॉक्टर सीवर्ड यांनी व पुढे मुंबईचे सरकारी रासायनिक परीक्षक डॉक्टर ग्रे यांनी त्या गाळाची परीक्षा केली. त्यात सोमल आढळला आणि चकाकणारे काही कण आढळले. ते हिऱ्याच्या पुडीचे असावेत असा अभिप्राय पडला. हिऱ्याची पूड हे जालीम विष आहे ही समजूत आपल्याकडे जुनी आहे, पण तिला शास्त्रीय आधार नाही. मात्र या समजुतीमुळेच तपासास एक दिशा मिळाली. हिरे विकत घेणारा धनिक असला पाहिजे आणि असा धनिक कोण, हे सांगावयास नको होते.

फेअर यांच्या जागी सर लुईस पेली आले. मुंबईचे पोलिस कमिशनर फ्रँक सूटर यांच्याकडे तपास सोपविण्यात आला व त्यांच्याबरोबर अकबर अली, अब्दुल अली व गजानन विठ्ठल हे अनुभवी अंमलदार होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तपासाने एकाएकी वेग घेतला. रेसिडेन्सीतील शिपायांचा हवालदार रावजी याने माफीचे अभिवचन मिळाल्यावर कबुली दिली की, महाराजांकडून आलेल्या पुड्या आपण सरबतात टाकल्या. जमादार नरसू याला माफीचे अभिवचन नव्हते, तरी त्यानेही जबाब दिला. त्यानंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातील विहिरीत उडी घेतली व त्यास बाहेर काढावे लागले. २५ डिसेंबरला रावजीच्या पट्ट्यात सोमलाची एक पुडी सापडली.

१३ जानेवारी १८७५ च्या जाहीरनाम्याने बडोद्याचा कारभार तात्पुरता हाती घेण्यात आला व दुसऱ्या दिवशी मल्हाररावांस अटक झाली. त्यांचे खासगी कारभारी दामोदरपंत यांनाही पकडण्यात आले. कित्येक दिवस गोऱ्या शिपायांच्या पहाऱ्यात काढल्यावर जानेवारीच्या अखेरीस, माफीच्या अटीवर, दामोदरपंतांनीही जबाब दिला. सोमल व हिरे आपण महाराजांच्या आज्ञेने मिळविले, असे त्यांनी सांगितले. आरोपाची साखळी अशा रीतीने पूर्ण झाली. या साखळीतील तिन्ही प्रमुख कड्या म्हणजे स्वतःच्या कबुलीप्रमाणे गुन्ह्यात सामील असलेली माणसे होत, ही गोष्ट येथे नमूद करून ठेवणे अवश्य आहे.

४. १८७२ चा कायदा काय सांगत होता

पोलिसांपुढील कबुलीबद्दलचा अविश्वास हा इंग्रजी कायद्यातून उसना आणलेला नव्हता. तो येथील अनुभवातून निर्माण झाला होता. १८५५ मध्ये मद्रास इलाख्यातील छळाच्या प्रकारांची चौकशी करणाऱ्या आयोगाने, वसुलीच्या व गुन्ह्यांच्या तपासाच्या कामी शारीरिक यातनांचा उपयोग सर्रास होत असल्याचे उघड केले. १८६१ च्या फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्यात त्याचा परिणाम दिसला. पुढे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी सिद्ध केलेल्या पुराव्याच्या कायद्यात ती बंधने समाविष्ट झाली. लालूच, धाकदपटशा वा अभिवचन यांमुळे दिलेली कबुली कलम २४ ने, पोलिस अंमलदारापुढील कबुली कलम २५ ने आणि पोलिसांच्या ताब्यात असताना मॅजिस्ट्रेटच्या गैरहजेरीत दिलेली कबुली कलम २६ ने त्याज्य ठरली. कलम २७ ने मात्र एक वाट मोकळी ठेवली : आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी साक्षात संबंध असलेली माहिती ग्राह्य धरावी. साथीदाराच्या साक्षीविषयी कायद्यात दोन सूत्रे होती. केवळ त्याच्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा नव्हे, असे कलम १३३ म्हणत होते; परंतु महत्त्वाच्या बाबतींत अन्य पुराव्याचा दुजोरा नसल्यास तो विश्वासास अपात्र आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम ११४ च्या एका दाखल्यात सुचविले होते. आरोपीचा दुर्लौकिक सामान्यतः अप्रस्तुत आहे, हे कलम ५४ ने सांगितले होते.

या तरतुदींच्या मुळाशी असलेला विचार साधा आहे. कोठडीतील माणूस बोलतो तेव्हा तो सत्य बोलतो की सुटकेची किंमत देतो, हे बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून त्याच्या बोलण्यास स्वतंत्र आधार पाहिजे.

बडोद्याच्या प्रकरणात या तरतुदींस शब्दशः बाधा आली असे म्हणता येत नाही. खरे मर्म त्याहून सूक्ष्म आहे. एक तर बडोदे ही ब्रिटिश हिंदुस्थानची भूमी नव्हती आणि चौकशी-मंडळ हे न्यायालय नव्हते. व्हाइसरॉयांस माहिती पुरविण्यासाठी ते नेमले होते, अशी सरकारची भूमिका होती. त्यामुळे कायद्याचे बंधन त्यास नव्हते. दुसरे असे की, रावजी, नरसू व दामोदरपंत हे आरोपी म्हणून उभे नव्हते, साक्षीदार म्हणून उभे होते. कोठडीत पोलिसांपुढे दिलेली जी कबुली देणाऱ्याविरुद्ध चालली नसती, तीच मजबूर माणसाच्या मुखाने साक्ष बनून दुसऱ्याविरुद्ध परत आली. कलम २५ ने पुढचे दार बंद केले होते. माफीच्या साक्षीदाराचे मागचे दार उघडे राहिले. अशा प्रसंगी उरते ते एकच संरक्षण, आणि ते म्हणजे दुजोऱ्याचा आग्रह.

५. उलटतपासणीत पुराव्याचे काय झाले

मंडळाचे काम २३ फेब्रुवारी १८७५ रोजी सुरू झाले. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष होते. ग्वाल्हेरचे महाराज जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंह, कर्नल सर रिचर्ड मीड, सर दिनकरराव राजवाडे व फिलिप मेल्विल हे अन्य सभासद होते. सरकारपक्ष मुंबईचे अॅडव्होकेट जनरल स्कोबल यांनी मांडला. महाराजांच्या वतीने सार्जंट बॅलंटाइन उभे होते. टिचबोर्नच्या गाजलेल्या दाव्यामुळे त्यांचे नाव इंग्लंडात घरोघर झाले होते.

आरोप चार होते. रेसिडेन्सीच्या चाकरांशी गुप्त संधान बांधणे हा पहिला व त्यांना पैसे चारणे हा दुसरा. या व्यवहाराचा हेतू बातम्या काढणे किंवा फेअर यांना इजा करणे हा होता, असा तिसरा. आणि महाराजांच्या चिथावणीवरून विषप्रयोगाचा यत्न झाला, असा चौथा. पहिल्या दोन आरोपांस आधार बराच होता. आया अमिना व इतर चाकर राजवाड्यावर जात आणि बक्षिसे घेत, याविषयी फारशी शंका उरली नाही. पण बातमी काढण्यापासून जीव घेण्यापर्यंतचे अंतर केवळ तीन साथीदारांच्या शब्दावर तोडले गेले होते, आणि बॅलंटाइन यांनी नेमके तेथे बोट ठेवले.

पट्ट्यातील पुडीची गोष्ट घ्यावी. रावजी अटकेत गेल्यावर त्याचा पट्टा दुसऱ्या शिपायाकडे गेला होता. पुढे रावजीने 'पुड्या पट्ट्यात ठेवीत असे' असे सांगताच पट्टा आणविण्यात आला. अकबर अलीने तो चाचपला, आत काही लागते असे म्हटले, आणि मग सूटर यांना बोलावून त्यांच्यासमक्ष पुडी बाहेर काढण्यात आली. ही पुडी पोलिसांनीच तेथे ठेवली, असा बॅलंटाइन यांचा रोख होता. तो सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. रावजी आधीच वश झाला असता असला धोका पत्करण्याचे पोलिसांस कारण काय, असा प्रतिप्रश्नही करता येतो. परंतु विष घालणारा माणूस दीड महिना ते अंगावर बाळगतो, मग दुसऱ्याच्या हाती जाऊ देतो, आणि साथीदाराच्या जबाबाला ज्या क्षणी भौतिक आधाराची निकड असते त्याच क्षणी ते सापडते, हा योग चमत्कारिक आहे, हे मान्य करावे लागते. कलम २७ ने जी वाट मोकळी ठेवली, तिच्यातील धोका यातून दिसतो. वस्तू सापडल्याने कबुली खरी ठरत असेल, तर वस्तू सापडविण्याचा मोहही वाढणारच.

हिऱ्यांची गोष्ट याहून दुबळी ठरली. हेमचंद फतेचंद नामक जवाहिऱ्याने हिरे पुरविल्याचा जबाब पोलिसांकडे दिला होता. मंडळासमोर त्याने तो नाकारला व पोलिसांनी आपल्याकडून जबरीने सही घेतली असे सांगितले. सोमल एका बोहऱ्याकडून मिळविल्याचे दामोदरपंत म्हणत होते. त्या खरेदीलाही स्वतंत्र पुरावा उभा राहिला नाही. खुद्द फेअर यांना एका खबऱ्याने विषात सोमल, हिऱ्याची पूड व तांबे असल्याचे कळविले होते. पृथक्करणात तांबे मिळाले नाही. दामोदरपंतांच्या हिशेबाच्या वह्यांत काही नोंदी शाई सांडून बुजविलेल्या आढळल्या. सरकारपक्षाने यात दुजोरा पाहिला. पण खोट्या नोंदी करणारा कारभारी स्वतःच्या अफरातफरीसाठीही त्या करू शकतो; वह्यांवरून त्यांचा लबाडपणा सिद्ध होतो, धन्याची आज्ञा सिद्ध होत नाही. उरला तो तिघांचा परस्पर मेळ. परंतु एका साथीदाराच्या शब्दाने दुसऱ्या साथीदाराचा शब्द दृढ होत नाही, हे तत्त्व इंग्रजी न्यायालयांत तेव्हाही रुळलेले होते, आणि एकाच तपासपथकाच्या हातून गेलेल्या जबाबांत मेळ असणे ही आश्चर्याची गोष्ट नव्हे.

हेतूच्या बाबतीतही दोन्ही बाजूंनी बोलता येत होते. फेअर यांच्याशी वैर होते, हे खरे. पण त्यांना हलविण्यासाठी महाराजांनी राजमार्गाने खलिता पाठविला होता आणि त्याचे उत्तर यावयाचे होते. फेअर यांच्यावरचा विषप्रयोग त्या खलित्यास साधक होता की मारक, हे सांगणे कठीण नाही.

६. तीन विरुद्ध तीन

मार्चअखेर सभासदांचे अभिप्राय सादर झाले. काउच, मीड व मेल्विल यांनी एकत्र अहवाल देऊन चौथा आरोपही शाबीत धरला. शिंदे व दिनकरराव यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध होत नाही असा स्वतंत्र अभिप्राय दिला. जयपूरच्या महाराजांनी मल्हारराव त्यात गुंतलेले दिसत नाहीत असे म्हटले. चाकरांशी संबंध व बक्षिसे यांस हिंदी सभासदांनी दरबारी रीतीपलीकडे महत्त्व दिले नाही.

तीन गोरे एका बाजूस व तीन हिंदी दुसऱ्या बाजूस, या विभागणीचा अर्थ वर्णाभिमानाच्या भाषेत लावण्याचा मोह सहज होतो, आणि तो तेव्हाही झाला. हा अर्थ अपुरा आहे. जयाजीराव व रामसिंह हे १८५७ मध्ये सरकारशी एकनिष्ठ राहिलेले राजे होते; दिनकररावांनी तर त्या वर्षी ग्वाल्हेरचे दिवाण या नात्याने इंग्रजांच्या बाजूने केलेली कामगिरी प्रसिद्ध आहे. सरकारविरुद्ध मत देण्यात त्यांचा लाभ नव्हता. सहराजाविषयीची सहानुभूती शिंदे व जयपूर यांच्या बाबतीत मानता येईल; दिनकरराव राजे नव्हते. उलट, युरोपीय सभासदांपैकी मीड यांनी मल्हाररावांच्या कारभाराविरुद्ध आधीच अहवाल दिला होता. ज्याने एका चौकशीत आरोपीस नालायक ठरविले, त्याने दुसऱ्या चौकशीत पंच म्हणून बसावे, ही गोष्ट कोणत्याही सामान्य फौजदारी खटल्यात खपली नसती.

युरोपीय सभासदांचा अहवाल सविस्तर आहे व प्रत्येक साक्षीची छाननी त्यात केलेली आहे. हिंदी सभासदांचे अभिप्राय तुलनेने त्रोटक आहेत. तथापि न्यायदृष्ट्या त्रोटक अभिप्रायांचे पारडे जड वाटते. आरोप शाबीत करण्याचा भार फिर्यादी पक्षावर असतो. आरोपीस दुसरी सुसंगत कथा रचून दाखवावी लागत नाही. दुजोरा नाही, एवढे सांगितले की पुरेसे होते.

७. निर्णय : दोष ठरला नाही, शिक्षा झाली

मते समसमान पडली. एखाद्या न्यायालयात असे घडते तर आरोपी सुटला असता. हिंदुस्थान सरकारचा कल युरोपीय सभासदांचे मत स्वीकारण्याकडे होता. परंतु भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांना तो मार्ग प्रशस्त वाटला नाही. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांस पदच्युत करण्यात आले ते निराळ्याच कारणासाठी. आपला निर्णय मंडळाच्या चौकशीवर आधारलेला नाही आणि विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झाला असेही आपण मानीत नाही, असा सरकारने खुलासा केला. दुर्वर्तन, घोर कुप्रशासन व सुधारणा करण्याची अक्षमता ही कारणे पुढे करण्यात आली.

याच कुप्रशासनाची चौकशी १८७३ मध्येच झाली होती आणि तीवर निर्णयही झाला होता. तो निर्णय म्हणजे ३१ डिसेंबर १८७५ पर्यंतची मुदत. ती संपण्यास आठ महिन्यांहून अधिक अवधी होता. मधल्या काळात नवीन घडले ते एवढेच की, विषप्रयोगाचा एक आरोप आला आणि तो शाबीत झाला नाही. म्हणजे शाबीत न झालेल्या आरोपाने दिलेली मुदत रद्द केली, आणि मुदत रद्द झाल्यावर जुन्या दोषाबद्दल शिक्षा झाली. आरोप खोटा असो वा खरा, त्याचे कार्य त्याने पार पाडले होते.

मल्हाररावांची रवानगी मद्रासेस झाली व तेथेच १८८२ मध्ये त्यांचा अंत झाला. जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे येथील गोपाळराव यास दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढले. त्यांच्या दीर्घ व उज्ज्वल राजवटीमुळे १८७५ च्या निर्णयास मागाहून एक प्रकारचे समर्थन लाभले. परिणाम चांगला झाला म्हणून पद्धत न्याय्य होती असे मानण्याची चूक इतिहासलेखनात येथूनच शिरली.

८. समारोप

दुर्लौकिक असलेल्या आरोपीच्या खटल्यातच पुराव्याच्या नियमांची खरी कसोटी लागते. सज्जनावर आळ आला तर लोक आपण होऊन शंका घेतात. दुर्जनावर आला तर 'असेल तसेच' म्हणून मोकळे होतात. मल्हाररावांच्या जुलमाची जी हकीकत मीड मंडळाने नोंदविली, ती खरी होती. पण त्या हकीकतीतून सोमलाच्या पुडीपर्यंत जाणारा रस्ता पुराव्याचा नव्हता, संशयाचा होता. जे सरकार स्वतःच्या मुलुखात पोलिसांपुढील कबुली त्याज्य मानीत होते, त्याने चौकशीला न्यायालय म्हणावयाचे टाळून ते बंधन बाजूस सारले, आणि चौकशीचे फळ मनासारखे न येताच चौकशीही बाजूस सारली.

१८७२ चा कायदा १ जुलै २०२४ पासून रद्द होऊन त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. कबुलीविषयीची जुनी बंधने, व त्यांबरोबर वस्तू सापडल्यास मिळणारी जुनी सवलत, नव्या अधिनियमाच्या कलम २२ व २३ मध्ये कायम आहेत. साथीदाराच्या साक्षीबाबत मात्र शब्द बदलला आहे : दुजोरा मिळालेल्या साक्षीवर दिलेली शिक्षा बेकायदा नव्हे, असे कलम १३८ आता म्हणते. जयाजीराव शिंदे व दिनकरराव राजवाडे यांनी १८७५ मध्ये ज्याचा आग्रह धरला, तो दुजोरा दीडशे वर्षांनी कायद्याच्या शब्दांत आला. त्यांचे अभिप्राय आजवर राजनिष्ठेच्या वा जातभाईपणाच्या मापाने मोजले गेले. ते पुराव्यावरील अभिप्राय म्हणून पुन्हा वाचले जावेत, एवढीच प्रस्तुत लेखाची अपेक्षा आहे.